थंडीत ओतलेलं सिमेंट

वेणू भोईरला प्रयोगशाळेतले सगळे आवाज ओळखीचे होते. दाबयंत्राखाली सिमेंटचा ठोकळा चिरडला जातो तेव्हाची कडकड, भट्टी तापू लागल्यावरची घरघर, साच्याचे नट सैल करताना येणारा कुईकुई आवाज. पाठमोरी बसूनही काय चाललंय ते ती सांगायची. पण त्या जानेवारीत एका सकाळी भट्टीतून जो धडाका झाला, तसा तिने एकोणतीस वर्षांत ऐकला नव्हता. कुणी आतून लाथ मारावी तसं भट्टीचं दार उघडलं आणि विटेचा एक तुकडा समोरच्या भिंतीला जाऊन लागला. आत ठेवलेल्या तीन ठोकळ्यांपैकी दोनांचा भुगा झाला होता.

कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत. तिथे उष्णतारोधक सिमेंट बनायचं. घर बांधायचं सिमेंट आगीपुढे टिकत नाही, म्हणून लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून वेगळ्या सिमेंटचं अस्तर द्यावं लागतं. तेही पाण्यातच कालवायचं, साच्यात ओतायचं, घट्ट होऊ द्यायचं. मात्र नंतर त्याने चौदाशे अंशांची आच सोसली पाहिजे. सोसते की नाही हे बघायचं काम वेणूचं.

ती अंबरनाथ गावची, आगऱ्याची पोर. शिवमंदिराच्या अलीकडे तिच्या वडिलांची भाताची खाचरं होती, ती एमआयडीसीत गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. नोकरी भावाने धरली आणि सहा महिन्यांत सोडली. तोवर वेणूचा नवरा काविळीने गेला होता, पदरात जिज्ञासा होती, तीन वर्षांची. भावाच्या जागी वेणू लागली. काम काय, तर साचे धुवायचे आणि फरशी पुसायची.

तेव्हाचे प्रयोगशाळेचे प्रमुख शंकरराव जुन्या वळणाचे होते. ही बाई साचे धुताना प्रत्येक साच्यात उरलेला चुरा बोटांत चोळून बघते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला पाणी ओळखायला शिकवलं. कालवलेल्या मालाचा मुठीएवढा गोळा करायचा, हातभर वर उडवायचा आणि झेलायचा. बोटांतून ओघळला तर पाणी जास्त. भेगाळून तुटला तर कमी. तळहातावर जरासा बसला आणि तसाच राहिला, तर बरोबर. वर्षभरात वेणू इतकी तयार झाली, की काट्यावर मोजलेलं पाणी आणि तिच्या हाताचा अंदाज यांत फरक पडला तर शंकरराव काटा तपासायला पाठवायचे.

पण ती राहिली मदतनीसच. दहावी झालेली बाई, तिची सही कोण घेणार? ठोकळे ती ओतायची, भाजायची, फोडायची, आकडे वहीत मांडायची, आणि खाली सही करायला कुणीतरी बीएस्सी झालेला मुलगा यायचा. असे सात मुलगे आले आणि गेले. त्यातल्या दोघांना तिनेच सांगितलं होतं की सही कुठे करायची.

मग समीर दोंदे आला. डॉक्टरेट झालेला, चाळिशीच्या आतला, बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहणारा. त्याच्या डोक्यात एक नवं सिमेंट होतं. धातूच्या कारखान्यांतून फेकली जाणारी मळी वापरून ते स्वस्तात करायचं, आणि तेही असं की झटपट घट्ट व्हावं. अडीच वर्षं दोघांनी त्यावर घातली. समीर कागदावर प्रमाणं काढायचा, वेणू ती कालवायची आणि बहुतेक वेळा म्हणायची, "सर, नाय होणार हे. हाताला चिकटतंय." मिश्रण क्रमांक एकशे बेचाळीस जमलं. त्यातलं पाणी आणि कालवायचा क्रम दोन्ही वेणूचे होते. समीरने त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "हे सिमेंट माझं आणि वेणूताईंचं." असं बोलणारा साहेब तिने आधी पाहिला नव्हता. ती त्याला मानायची ती उगीच नाही.

त्यानंतर महिन्याभरातच भट्टीत ते ठोकळे फुटले.

ते तीन ठोकळे वेणूने आदल्या दिवशी सकाळी सातला बाहेरच्या शेडमध्ये ओतले होते, कारण आतलं कपाट, ज्यात सत्तावीस अंश तापमान राखलेलं असतं, ते बिघडलं होतं. सकाळी शेडमध्ये तेरा अंश होते. बदलापूर-अंबरनाथची थंडी मुंबईकरांना खरी वाटत नाही, पण जानेवारीत इथे तोंडातून वाफ निघते. वेणूला तिथेच शंका आली. कुणी सांगितलं नसताना तिने दुसऱ्या दिवशी सहा ठोकळे सकाळी थंडीत ओतले, सहा दुपारी उन्हात. चोवीस तासांनी सगळे तापलेल्या भट्टीत सोडले. दुपारचे सहाही धड निघाले. सकाळच्या सहांपैकी चार फुटले.

समीरने आकडे बघितले आणि तो खुर्चीत मागे टेकला. त्याला लगेच कळलं होतं. थंडीत हे सिमेंट वेगळ्या तऱ्हेने घट्ट होतं, त्याची छिद्रं बंद होतात, मग तापल्यावर आतल्या पाण्याच्या वाफेला वाट मिळत नाही.

"साबुदाण्याचा वडा तेलात फुटतो तसं," वेणू म्हणाली.

"अगदी तसंच," समीर म्हणाला. "मी वर बोलतो."

तो वर बोलला, हे खरं. दोन दिवस तो मालकांच्या केबिनमध्ये जात-येत होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की पोत्यावर दोन ओळी छापा: वीस अंशांच्या खाली ओतू नका, आणि तापवताना हळू तापवा, दोन दिवस घ्या. पण पोती आधीच छापून आली होती. त्यांच्यावर लाल अक्षरांत होतं, 'आज ओता, उद्या पेटवा'. सगळी विक्री त्या एका ओळीवर उभी राहणार होती. दोन दिवस घ्या म्हटल्यावर बाजारातल्या दुसऱ्या मालात आणि यात फरक काय राहिला?

तिसऱ्या दिवशी समीर प्रयोगशाळेत आला तो चाचणीचं प्रमाणपत्र घेऊन. आकडे सगळे कपाटातल्या ठोकळ्यांचे, सत्तावीस अंशांचे. खाली छापलं होतं: परीक्षक, वे. ग. भोईर.

"माझं नाव?" वेणूने विचारलं.

"तुमचंच काम आहे ना. मी मालकांना म्हटलं, सही त्यांचीच पाहिजे."

वेणूने कागद हातात धरला. तिचं नाव छापलेलं तिने रेशनकार्डावर आणि मतदार यादीत पाहिलं होतं, दोन्हीकडे चुकीचं. इथे बरोबर होतं.

"आणि थंडीतलं?"

"नियमात चाचणी सत्तावीस अंशांवरच करायची असते. ह्यात खोटं काही नाही, ताई. थंडीचं मी वेगळं टिपण काढतो, विक्रेत्यांना पाठवू."

खोटं काही नव्हतं. एकेक आकडा तिने स्वतः घेतला होता. वेणूने सही केली, आणि नुसती केली नाही, सावकाश, अक्षर नीट यावं म्हणून टेबलावर पुसून जागा करून केली. प्रमाणपत्राची एक प्रत तिने घरी नेली. जिज्ञासाने फोनवर तिचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मामाने, म्हणजे ज्याने ती नोकरी सोडली होती त्याने, शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

ते टिपण कधी निघालं नाही. वेणूने दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी समीर म्हणाला, "बघतो," आणि तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पहिला हिवाळा सुखरूप गेला. दुसऱ्या हिवाळ्यात बदलापूरचा पारा अकरावर उतरला. लोक फोनवर तापमानाचे फोटो एकमेकांना पाठवत होते, कौतुकाने. त्याच आठवड्यात बदलापूरच्या एका ओतकाम कारखान्यात लॅडलला, म्हणजे वितळलेलं लोखंड उचलायच्या मोठ्या भांड्याला, नवं अस्तर दिलं गेलं. सकाळी सहाला ओतलं, दुसऱ्या सकाळी पेटवलं. चाळिसाव्या मिनिटाला अस्तर फुटलं. ते देणारा मिस्त्री, भगवंत शेलार, ज्योत बघायला वाकला होता. त्याचा डावा डोळा गेला आणि अर्धा चेहरा भाजला.

वेणूला हे कळलं ते फुटलेल्या अस्तराचे तुकडे टेबलावर आले तेव्हा. सोबत समीर होता. "मिस्त्रीने पाणी जास्त घातलं असणार," तो म्हणाला. "मालकांना तसा अहवाल पाहिजे. तपासून बघा."

तिने तपासलं. जास्त पाण्याचं सिमेंट ओळखायला सोपं असतं. ते सुकलं की जाळीदार होतं, पाण्यात बुडवलं की स्पंजासारखं पाणी पितं. हे तुकडे पाणी पीतच नव्हते. घट्ट, बारीक, एकसारखे. वेणूने तीनदा वजनं घेतली. पोत्यावर लिहिलंय तेवढंच पाणी होतं, ना वाटीभर जास्त, ना कमी. इतकं नेमकं कालवलेलं तिने प्रयोगशाळेबाहेर पाहिलं नव्हतं.

आणि मग तिला एक उमगलं. ह्या माणसाने जरा हयगय केली असती, अंदाजाने बादली ओतली असती, तर अस्तर जाळीदार झालं असतं, वाफ निघून गेली असती. कदाचित नुसत्या भेगा पडल्या असत्या. तो वाकून बघत राहिला आणि त्याचा डोळा गेला, तो त्याने काम चोख केलं म्हणून.

"पाणी बरोबर आहे, सर," तिने सांगितलं. "थंडीने फुटलंय. आपल्याला माहीत होतं तसंच."

समीरने एक तुकडा उचलून परत ठेवला. "ताई, तुम्ही हे लिहिलंत तर पहिला प्रश्न येईल, माहीत होतं तर सही कशी केली. आणि सही माझी नाहीये."

तो हे धमकी म्हणून बोलला नव्हता. दमलेल्या आवाजात, समजावल्यासारखं बोलला. वेणूला नंतर कितीदा तरी वाटलं, की त्याने दरडावलं असतं तर बरं झालं असतं. त्या एका वाक्यात तिला सहीच्या दिवसापासूनचं सगळं दिसलं. प्रमाणपत्रावर तिचं नाव कौतुकाने घातलं होतं की सोयीने, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. कदाचित दोन्ही असेल.

तिने अहवालात पाणी बरोबर असल्याचं लिहिलं. तो अहवाल कुठेच गेला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने दुसरा गेला, त्यात पाणी जास्त होतं.

पुढच्या रविवारी ती मांजर्लीला गेली. नदीच्या अंगाला असलेल्या त्या वस्तीत तळमजल्यावरच्या भिंतींना पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. भगवंतची बायको शलाका दारात आली. वेणूने कंपनीचं नाव सांगितल्यावर तिने बसायला खुर्ची दिली, पण स्वतः उभी राहिली. भगवंत पलंगावर भिंतीला टेकून होता, डोळ्यावर पट्टी.

"परवा दोघं आले होते तुमच्याकडचे," शलाका म्हणाली. "पाणी किती घातलं, पाणी किती घातलं, तेच विचारत होते. आता तुम्ही काय विचारणार?"

"विचारायचं नाय काही. सांगायचंय," वेणू म्हणाली, आणि तिने सांगितलं. थंडीतले ठोकळे, दोन ओळी, प्रमाणपत्र, सगळं. सहीचंही. आवाज कुठे कापू न देता, जसे आकडे वाचून दाखवायची तसं.

भगवंतने ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाला, "मग तुम्ही आज इथं कशाला आलात, मावशी? हलकं व्हायला?"

खरं उत्तर 'हो' असंच होतं.

"माझा डोळा गेला," भगवंत म्हणाला. "तुमच्या सांगण्याने तो येणार नाही. आता तुम्ही घरी जाऊन जेवाल. मी काय करू?"

ती उठली. दारापाशी पोचली तेव्हा त्याने हाक मारली. "पाणी बरोबर होतं म्हणालात. नक्की?"

"तीनदा मोजलं. तंतोतंत होतं."

"मी गोळा उडवून बघतो प्रत्येक घाण्याला," तो शलाकाकडे तोंड करून म्हणाला. "ऐकलंस ना? हिला पण वाटायला लागलं होतं, माझंच चुकलं म्हणून." शलाका आत निघून गेली. मग तो वेणूला म्हणाला, "आमच्या धंद्यात पाणी चुकवणाऱ्याला कुणी उभं करत नाही. सगळीकडे तेच झालंय, भगवंतने पाणी चुकवलं. मला हे लिहून पाहिजे."

अपघाताची चौकशी लागली तेव्हा वेणूने सरकारी निरीक्षकासमोर जबाब दिला. जिज्ञासा आदल्या दिवशी खूप बोलली होती. "आई, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुझे. सही केलीस ती केलीस, आता गप्प बस. तो समीर बोलतोय का?" समीर बोलला नाही. जबाबाच्या दिवशी तो टेबलाच्या पलीकडे बसला होता आणि विचारलेल्या प्रश्नांना नेमकी उत्तरं देत होता. थंडीतल्या चाचण्या? अधिकृत नोंद नाही. वेणूने वहीचं नाव घेतलं. ती वही लेखापरीक्षणाच्या वेळी गहाळ झाल्याचं कळलं. कंपनीच्या वकिलाने प्रमाणपत्र पुढे सरकवलं. "ही सही तुमची?"

"माझी."

"दबाव टाकून घेतली?"

वेणूने विचार केला. "नाय. मी खुशीने केली."

तेवढं एकच वाक्य जबाबात जसंच्या तसं उतरलं. ती 'हो' म्हणाली असती तर कदाचित निभावलं असतं, असं जिज्ञासाने नंतर ऐकवलं. पण वेणूला ते म्हणता आलं नाही. महिन्याभरात प्रकरण मिटलं, कुणावर काही सिद्ध झालं नाही, आणि वेणूला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज छापूनच देण्यात आला. शेवटच्या दिवशी समीर निरोपाला आला नाही. तो त्या वर्षाअखेर गुजरातला मोठ्या जागेवर गेला. पोत्याच्या मागच्या बाजूला आता बारीक अक्षरांत दोन ओळी आल्या आहेत. त्या वाचायला पोतं उलटं करावं लागतं. पुढची लाल ओळ तशीच आहे.

भगवंतला हवा होता तो कागद वेणूने घरी बसून लिहिला. तपासणीची तारीख, तिन्ही वजनं, आणि शेवटी: अस्तर देणाऱ्या मिस्त्रीचं पाण्याचं माप अचूक होतं. खाली सही केली. कोरा कागद, ना शिक्का ना कंपनीचं नाव. भगवंत तो घेऊन चार ठेकेदारांकडे फिरला. एकाने विचारलं, "हे भोईर कोण?" दुसऱ्याने न वाचताच परत दिला.

पाचवा ठेकेदार उल्हासनगरचा होता, सिंधी, भट्ट्यांच्या अस्तराची कामं घेणारा. त्याच्याकडे वेणू स्वतः भगवंतला घेऊन गेली. दुकानासमोर पोत्यांची थप्पी, आत तो फोनवर. भगवंत बाहेरच पायरीवर उभा राहिला. ठेकेदाराने मात्र कागद शेवटपर्यंत वाचला. वेणूला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मौसी, मी मानतो," तो म्हणाला. "हा माणूस पाणी चुकवणारा नव्हेच. माझ्याकडे त्याने दोन कामं केलीत, मला ठाऊक आहे. कागदाची गरजच नव्हती."

"मग द्या ना काम."

तो ओशाळल्यासारखा हसला. "एका डोळ्याने तो लेव्हल कशी बघणार? अस्तर एक इंच इकडेतिकडे झालं तर लोखंड बाहेर येतं. उद्या कुणी मेलं तर? आप ही बोलो."

वेणूने तीसेक वर्षं असल्याच गोष्टी मोजल्या होत्या. तो म्हणत होता ते बरोबर होतं. चहा आला, तो तिने प्यायला, कारण समोर ठेवला होता.

बाहेर भगवंतने सगळं ऐकलं होतं. दोघं रिक्षात बसली. अंबरनाथ मागे पडलं तरी वेणू उतरली नाही, त्याला घरापर्यंत सोडावं म्हणून. त्याच्या डाव्या बाजूला वेणू होती, म्हणजे त्याला ती दिसतही नसावी.

मांजर्लीच्या वळणावर तो उतरला. घडी केलेला कागद त्याने खिशातून काढला, सरळ केला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"तुम्ही आता येऊ नका, मावशी," तो म्हणाला. रागाने नाही. "तुम्ही आलात की हिला वाटतं, काहीतरी होणार."

वेणूने रिक्षावाल्याला मागे फिरवायला सांगितलं. त्यानंतर ती मांजर्लीला गेली नाही. पावसाळ्यात भगवंत हेंद्रेपाड्यात, समीर राहायचा त्या भागात, एका सोसायटीच्या फाटकावर रखवालदार म्हणून बसायला लागल्याचं तिला कुणीतरी सांगितलं. कोणती सोसायटी, ते तिने विचारलं नाही.